पाच लाखांचं कवच नेमकं कोणाला?

भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह म्हणजेच पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना २४ सप्टेंबर २०१९ रोजी कळलं, की पुढच्या सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. उपनगरांत तेव्हा पसरलेली भीती रास्त होती. पण तिच्यासोबत काही गैरसमजही रुजले आणि ते अजून टिकून आहेत.

त्यातला सर्वांत महागात पडणारा म्हणजे ‘प्रत्येक खात्याला पाच लाखांचा विमा असतो’. विमा खात्याला नसतो, ठेवीदाराला असतो. घाटकोपर शाखेत बचत खातं, बोरिवलीत मुदत ठेव, मुलुंडला रिकरिंग असं काहीही असो. एका बँकेतलं तुमच्या नावावरचं सगळं, मुद्दल आणि व्याज मिळून, पाच लाखांपर्यंतच सुरक्षित असतं. नवरा-बायकोचं संयुक्त खातं वेगळं धरलं जातं, आणि दुसऱ्या बँकेतल्या ठेवींना स्वतंत्र मर्यादा मिळते. फेब्रुवारी २०२० पर्यंत तर ही मर्यादा एक लाखच होती.

याची खरी झळ गृहनिर्माण सोसायट्यांना बसते, आणि त्याविषयी फार कमी बोललं जातं. ऐंशी बिऱ्हाडांची सोसायटी विम्याच्या हिशेबात एकच ठेवीदार असते. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, सभासदांनी वर्षानुवर्षं भरलेला मेंटेनन्स, हे सगळं जवळच्या एकाच बँकेत ठेवलं असेल, तर त्या ऐंशी घरांना मिळून पाच लाखांचं कवच. कमिटीनं ठेवी दोन-तीन बँकांत विभागल्या आहेत का, हे वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारायलाच हवं. पतसंस्थांच्या ठेवींना तर हा विमा अजिबात लागू नाही. नावापुढे ‘सहकारी’ असल्यानं पतसंस्था बँक होत नाही.

‘माझं त्या बँकेत खातं नाही, मग मला काय?’ हेही तितकंसं खरं नाही. पीएमसीत अनेक पतसंस्थांचे आणि इतर नागरी सहकारी बँकांचे पैसे होते. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा अशा संस्थांच्या विम्याबाहेरच्या ठेवींपैकी ८० टक्के रक्कम प्रेफरन्स शेअर्समध्ये बदलली गेली. म्हणजे पीएमसीचं तोंडही न पाहिलेल्या माणसाची पतसंस्था त्यात अडकली. एका बँकेचं दुखणं दुसरीकडे पोहोचतं ते याच वाटेनं.

‘बँक नफ्यात आहे, थकीत कर्जं कमी आहेत, म्हणजे चिंता नाही.’ पीएमसीनं मार्च २०१९ अखेर जवळपास १०० कोटींचा नफा आणि चार टक्क्यांहून कमी ढोबळ थकबाकी दाखवली होती. प्रत्यक्षात सुमारे ७३ टक्के कर्जं एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती, आणि ती लपवायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली गेली. एका समूहाला भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज द्यावं, असा नियम तेव्हा होता. नियम असून तो बँकेच्या आतूनच मोडला गेला, याचा संताप ठेवीदारांइतकाच नियामकांनाही यायला हवा.

‘रिझर्व्ह बँकेनं निर्बंध लावले, म्हणजे पैसे गेले’ असंही सरसकट नसतं. निर्बंध लागले तरी परवाना रद्द झालेला नसतो. १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे व्यवहार गोठले. प्रभादेवी आणि गोरेगाव शाखांतल्या रोकडीत १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. पंधरवड्यात २५,००० रुपये काढायची मुभा मिळाली आणि ४ ऑगस्टला बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, ठेवींच्या जबाबदारीसकट. पीएमसीच्या मोठ्या ठेवीदारांना मात्र पूर्ण रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक मिळालं. ठेव विमा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे, बँक दिवाळखोरीत निघेपर्यंत थांबावं लागत नाही.

आणि ‘मोठ्या बँकांना सरकारची हमी असते’? स्टेट बँक, आयसीआयसीआय आणि एचडीएफसी या रिझर्व्ह बँकेच्या यादीनुसार देशाच्या व्यवस्थेसाठी महत्त्वाच्या बँका आहेत. म्हणून त्यांना इतरांपेक्षा जास्त भांडवल राखावं लागतं. ठेवींच्या विम्याची मर्यादा तिथेही पाच लाखच आहे.