सोबत असणे म्हणजे चोरी नव्हे

२०२५ सालच्या रमजान ईदच्या आठवड्यातील गोष्ट. आमचा भाचा दोन मित्रांबरोबर मोठ्या शहरात कपडे घ्यायला गेला होता. दुकान चार मजली, दाराशी गार्ड, छताला कॅमेरे. भाच्याने एक पँट घेतली, बिल चुकते केले आणि तो दाराजवळ मित्रांची वाट पाहत उभा राहिला. मित्र आले, तिघे बाहेर पडू लागले, तोच दारातील अलार्म वाजला. एका मित्राच्या पिशवीत बाराशे रुपयांचा शर्ट निघाला. त्याचे बिल नव्हते. तो त्याने मुद्दाम ठेवला की गल्ल्यावर नोंदवायचा राहिला, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. परंतु गार्डनी तिघांनाही मागच्या खोलीत नेले. दोन तास बसवून ठेवले, मोबाइल काढून घेतले. शर्ट हातात देऊन तिघांचा फोटो काढला. "आम्ही तिघांनी मिळून चोरी केली" असे कागदावर लिहवून सह्या घेतल्या आणि प्रत्येकाकडून चार हजार रुपये घेऊन सोडून दिले. पैसे दिले नाहीत तर फोटो दुकानाबाहेर लावू, अशी धमकी दिली होती.

भाचा दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याजवळ येऊन म्हणाला, "मामू, मी काहीच केले नव्हते. मग सही का केली, तेच मला कळत नाही."

आम्हांस ते कळते. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला पैशापेक्षा नावाची भीती जास्त असते. याच भीतीपोटी आपली मुले न केलेल्या गुन्ह्याची कबुली देऊन येतात आणि घरची माणसे "झाले ते झाले, गप्प बसा" म्हणतात. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. दखलपात्र, अदखलपात्र हे शब्द आम्ही वकिलांच्या ओट्यावर बसूनच शिकलो. या प्रसंगानंतर पुन्हा त्या ओट्यावर बसून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मित्राच्या गुन्ह्यात आपण कितपत?

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने हलवणे म्हणजे चोरी. यात इरादा महत्त्वाचा. विसरून पिशवीत राहिलेली वस्तू ही चूक आहे, चोरी नव्हे. मात्र वस्तू दाराबाहेर गेल्याशिवाय चोरी होतच नाही, ही समजूतही खोटी आहे. लबाडीने कपड्याखाली लपवली तर गुन्हा तेथेच पुरा होतो.

आता सोबत्यांचे. कलम ३(५), म्हणजे जुने कलम ३४, सांगते की अनेकांनी सर्वांच्या समान इराद्याने एखादे कृत्य केले, तर प्रत्येक जण ते एकट्याने केल्याप्रमाणे जबाबदार ठरतो. "तुम्ही एकत्र आलात, म्हणजे सगळे चोर" हे गार्डचे म्हणणे याच कलमाच्या अर्धवट ज्ञानातून येते. समान इरादा म्हणजे आधी ठरलेला बेत. मग तो ऐन वेळी, क्षणभरात ठरलेला असला तरी चालतो, पण तो सिद्ध व्हावा लागतो.

या बाबतीत 'मेहबूब शाह विरुद्ध एम्परर' हा प्रिव्ही कौन्सिलचा १९४५ सालचा निकाल वकील मंडळी आजही दाखवतात. सिंधू नदीच्या काठच्या वेतावरून भांडण झाले. दोघे जण बंदुका घेऊन धावून आले. एकाच्या गोळीने माणूस मेला, दुसऱ्याच्या म्हणजे मेहबूब शाहच्या गोळीने दुसरा एक जण किरकोळ जखमी झाला. गोळी घालून ठार करणारा फरार झाला आणि फाशीची शिक्षा मेहबूब शाहला झाली. प्रिव्ही कौन्सिलने ती खुनाची शिक्षा रद्द केली. दोघांचा इरादा एकसारखा असेल, पण तो दोघांनी मिळून ठरवलेला होता याचा पुरावा नाही, असे त्यांनी म्हटले. हातात बंदूक घेऊन शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जर हा न्याय, तर दाराशी वाट पाहणाऱ्या मुलाला का नसावा?

पण मुलांना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मित्राने माल उचलावा म्हणून आपण विक्रेत्याला बोलण्यात गुंतवले, आडोसा धरला, किंवा चोरीचा माल आहे हे जाणून तो आपल्या पिशवीत घेतला, तर कायदा आपल्यालाही सोडत नाही.

गार्डचा अधिकार

गार्डच्या अंगावर गणवेश असला तरी तो पोलीस नव्हे. सामान्य नागरिकाइतकाच त्याचा अधिकार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, डोळ्यांदेखत अजामीनपात्र आणि दखलपात्र असा गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक पकडू शकतो. मात्र त्याला विनाकारण उशीर न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. चौकशी करणे, दंड ठोठावणे, कबुली लिहून घेणे हा अधिकार कलमात कोठेही नाही.

येथे रकमेचा प्रश्न येतो. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची कलम ३०३ खालील चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. म्हणजे बाराशेच्या शर्टासाठी याच कलमाखाली पोलीससुद्धा वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत, मग गार्ड कोठून करणार? एक सावधगिरी मात्र हवी. माल ठेवण्याच्या इमारतीतील चोरी म्हणून कलम ३०५ लावले, तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र होतो व शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून कोणते कलम लावले, हे पहिल्यांदा विचारावे.

अधिकार नसताना माणसाची वाट अडवणे हा कलम १२६ खाली, तर त्याला कोंडून ठेवणे हा कलम १२७ खाली गुन्हा आहे. कोंडून ठेवण्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बदनामीची भीती घालून पैसे उकळणे हा कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा होऊ शकतो. "चोरी पकडल्यास दहापट दंड" अशा पाट्या पुष्कळ दुकानांत दिसतात. असा दंड बसवण्याचा अधिकार कायद्याने कोणाही दुकानदारास दिलेला नाही.

त्या खोलीत काय करावे

पळू नये, धक्काबुक्की करू नये, आवाज चढवू नये. आपले बिल दाखवावे. पिशवी दाखवायची तर सर्वांसमोर, कॅमेऱ्याखाली, स्वखुशीने दाखवावी. अंगाची जबरदस्तीने झडती घेण्याचा हक्क गार्डला नाही. आपल्यापुरते खरे सांगावे. मित्राच्या वतीने कबुलीही देऊ नये आणि त्याच्यावर आरोपही करू नये. "मी दाराशी उभा होतो, हे माझे बिल, बाकी मला ठाऊक नाही" इतके बोलणे पुरे.

कोणत्याही कागदावर सही करू नये. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हे संरक्षण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. पण दुकानदाराला लिहून दिलेला कागद त्यात बसत नाही. तो धाकाने लिहवून घेतला, हे मग आपल्यालाच सांगत बसावे लागते. पैसेही देऊ नयेत. उलट आपणच म्हणावे, "पोलिसांना बोलवा." ११२ क्रमांकावर आपणही फोन करू शकतो. निरपराध माणसाला बंद खोलीपेक्षा पोलिसांची नोंद बरी, कारण तेथे वेळ आणि नाव लिहिले जाते.

पोलीस आल्यावर

पोलिसांना आपले खरे नाव व पत्ता द्यावा. अदखलपात्र गुन्ह्यातही नाव-पत्ता नाकारणाऱ्यास अटक करता येते. अटक झालीच तर कारण सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने करावा लागतो, आणि नातेवाईक किंवा मित्राला कळवावे लागते. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले हे नियम आता कायद्याच्या कलमांत आले आहेत. चौकशीच्या काळात वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ चा आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी गरज तपासावी व नोटीस देऊन बोलवावे, असे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने बजावले आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

अटक झालेल्या स्त्रीची झडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यायची असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. स्त्रिया, मुले आणि ताब्यातील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

घरी आल्यावर

गप्प बसू नये. त्याच दिवशी तारीख, वेळ, कोण काय बोलले हे लिहून काढावे. बिल आणि पैसे दिल्याचा पुरावा जपावा. दुकानाला लेखी कळवावे की अमुक वेळेचे कॅमेऱ्याचे चित्रण पुसू नका. जुन्यावर नवे चित्रण चढत जाते आणि काही दिवसांत आपला सर्वांत भक्कम साक्षीदार नाहीसा होतो. मग पोलिसांत तक्रार द्यावी. त्यांनी घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावी, आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्याकडे जावे. आमच्या भाच्याने वकिलामार्फत नोटीस पाठवली. चार हजार रुपये आणि सही केलेला कागद, दोन्ही पंधरा दिवसांत परत आले. फोटो पुसल्याचे लेखी मिळाले. त्याने पुढे खटला केला नाही, तो त्याचा निर्णय. पण आता तो मान वर करून बोलतो.

आपल्या गल्ल्यावरून पाहताना

हे सारे लिहिताना आम्हांस स्वतःची एक गोष्ट लपवता येत नाही. १९९८ साली लग्नसराईत चार बायका आमच्या दुकानात ड्रेसचे कापड पाहत होत्या. एक पीस कमी भरला. आम्ही तरुण होतो, रक्त गरम होते. गिऱ्हाइकांसमोर चौघींच्या पिशव्या गल्ल्यावर रिकाम्या करायला लावल्या. काहीच निघाले नाही. रात्री थाने उचलताना तो पीस गादीच्या कडेला सापडला. चौघींपैकी एक आमच्याच मोहल्ल्यातील होती. वडील तिच्या घरी माफी मागायला गेले. आम्ही गेलो नाही. त्या घरातून पुन्हा कोणी आमच्या दुकानाची पायरी चढले नाही, आणि आम्ही त्यांना दोष देऊ शकत नाही.

म्हणून दुकानदार बांधवांना सांगणे असे. चोरीने आपलेही नुकसान होते, ते खरेच. परंतु संशय आला तर आधी माल मोजावा, चित्रण पाहावे, बिल तपासावे. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच बाजूला घेऊन आदराने विचारावे, सोबतच्यांना त्यात ओढू नये. खोलीचे दार लावू नये. दंड घेऊ नये. फोटो दुकानाबाहेर किंवा व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. प्रामाणिक संशयावरून पोलिसांकडे तक्रार केली तर ती बदनामी ठरत नाही, पण चारचौघांत चोर ठरवणे हे कलम ३५६ खाली अंगाशी येऊ शकते. गार्ड ठेवताना २००५ च्या कायद्याप्रमाणे परवाना असलेल्या एजन्सीचाच ठेवावा आणि त्याला अधिकाराची हद्द समजावून सांगावी.

हरवलेल्या पीसची किंमत खात्यात नुकसान म्हणून लिहिता येते. निरपराध माणसाची गेलेली अब्रू कोणत्या खात्यात लिहायची, याचे उत्तर आम्हांस इतक्या वर्षांत सापडलेले नाही.