उभ्या मोटारीची बॅटरी

आमच्या धाराशिव जिल्ह्यांत पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारीं मोटार आहे. पण ती तुळजापूरची यात्रा, लग्नकार्य किंवा दवाखाना एवढ्यापुरतीच बाहेर निघते. गेल्या वैशाखांत मध्यरात्रीं घरांतील आजारी माणसास नेण्यासाठीं आम्हीं किल्ली फिरविली, तों नुसता कटकट आवाज झाला. शेजाऱ्यांची जीप मिळाली म्हणून निभावलें.

उभ्या गाडींतही घड्याळ, चोरीचा अलार्म वगैरे साधनें वीज खातच असतात. हा खर्च 50 मिलिअँपिअर धरला, तर 30 दिवसांत 36 अँपिअर-तास होतो. आणि कित्येक लहान मोटारींची बॅटरी 35 अँपिअर-तासांचीच असते. म्हणजे जमा कांहीं नाहीं व खर्च मात्र नित्य! शिवाय उन्हाळ्यानें आपोआप होणारी झीज वाढते. रिकाम्या बॅटरींत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात व तिची शक्ति कायमची घटते.

यास्तव आठवड्यांतून एकदां अर्धा-पाऊण तास मोटार रस्त्यावर चालवावी. उभ्याउभ्या पांच मिनिटें इंजिन चालवून बॅटरी भरत नाहीं. महिनाभर गाडी उभी राहणार असल्यास ऋण टोंकाची तार सोडून ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारें 12.6 व्होल्ट दाखविते; 12.4 च्या खालीं गेल्यास चार्जर लावावा. त्या वेळीं ज्वालाग्राही वायु निघतो, म्हणून जवळ विडी पेटवूं नये. बुचांच्या बॅटरींत ऊर्ध्वपातित पाणीच घालावें, विहिरीचें नव्हे.

दावणीच्या बैलास काम नसलें तरी वैरण लागतेच. मोटारीचेंही तसेंच समजावें.