दोन तासांचें भाषण, एका मिनिटाचा तुकडा

भाषणाचें आयुष्य पूर्वी सभागृहाच्या दारापाशीं संपत असे. श्रोत्यांच्या स्मरणांत कांहीं वाक्यें रेंगाळत, दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत गोषवारा येई, आणि वक्ता नामांकित असला तर पुढेंमागें तें भाषण पुस्तकांत छापलें जाई. आजची स्थिति निराळी आहे. नागपुरांत सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृहांत किंवा रेशीमबागेंतील सुरेश भट सभागृहांत एखादा वक्ता बोलावयास उभा राहिला, कीं त्याच क्षणीं त्याचे शब्द आणि त्याची मुद्रा थेट प्रक्षेपणानें परगांवच्याच काय, परदेशच्या घरींहि पोंचूं शकतात. कार्यक्रम संपतो, पण त्याचें चित्रमुद्रण उरतें. मग त्यांतून चार-सहा लहान तुकडे काढून ते लोकांच्या मोबाईलवर सोडले जातात. या तुकड्यांस ‘क्लिप’ किंवा ‘रील’ म्हणतात. हें काम वरवर पाहतां कात्रीचें दिसतें. वस्तुतः तें अर्थ राखण्याचें काम आहे.

बोललेल्या शब्दाची काटछांट ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. बर्लिन येथील १९३५ च्या रेडिओ-प्रदर्शनांत एईजी कंपनीनें ‘मॅग्नेटोफोन’ हें यंत्र मांडलें आणि चुंबकीय फितीवर आवाज सांठविण्याची सोय झाली. तबकडीवरील आवाज कापतां येत नसे. फीत मात्र कापतां येई. नभोवाणीचीं केंद्रें पुढें याच फितीवर चालूं लागलीं. नागपूरचें केंद्र सुरू झालें तें १६ जुलै १९४८ रोजीं. फितीच्या काळांत संपादक हातानें चक्र पुढेंमागें फिरवून शब्दाची नेमकी कड शोधी, पात्यानें फीत तिरकस कापी आणि चिकटपट्टीनें सांधी. तिरकस कापण्याचें कारण असें, कीं सरळ सांध्यावर खट्‌कन आवाज होई. प्रत्येक काप मूळ फितीवरच पडत असल्यामुळें हात उचलण्यापूर्वी दोनदां विचार होई. संगणकावरील संपादनांत मूळ मुद्रण अभंग राहतें. कोठून कोठपर्यंत घ्यावें, एवढीच टिपण यंत्र करून ठेवतें. काप असा फुकट झाला आणि त्याबरोबर तो विचारहि स्वस्त होण्याचा धोका निर्माण झाला.

लहान तुकड्यांची ही चाल हिंदुस्थानांत इतक्या वेगानें कां पसरली, याला कालानुक्रम आहे. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली. जुलैमध्यें इन्स्टाग्रामनें येथें रील्स आणल्या आणि सप्टेंबरांत यूट्यूबनें आपल्या शॉर्ट्सचा पहिला प्रयोग याच देशांत केला. शॉर्ट्सची मर्यादा बरींच वर्षें एक मिनिट होती. १५ ऑक्टोबर २०२४ पासून ती तीन मिनिटें झाली. १२० मिनिटांच्या सभेंतून एक मिनिट निवडलें म्हणजे ११९ मिनिटें टाकलीं, हा हिशेब संपादकानें विसरतां कामा नये.

कामाची सुरुवात सभेपूर्वींच होते. इंटरनेटवरून गेलेल्या प्रक्षेपणाच्या प्रतीवर विसंबून राहणें शहाणपणाचें नाहीं; जाळें मंदावलें तर चित्र विस्कटतें, आवाज तुटतो आणि ते दोष त्या प्रतींत कायमचे राहतात. म्हणून प्रक्षेपण चालू असतांनाच दुसरें स्वतंत्र मुद्रण आपल्या संगणकावर करावें. ‘ओबीएस स्टुडिओ’ या विनामूल्य साधनानें हीं दोन्ही कामें एकदम होतात. साधी एमपी-फोर फाईल आपली अनुक्रमणिका अगदीं शेवटीं लिहिते; मध्येंच वीज गेली तर अनुक्रमणिका राहून जाते आणि सगळें मुद्रण उघडेनासें होतें. एमकेव्ही प्रकारच्या फाईलमध्यें तोंवरचा भाग सुरक्षित राहतो. वैशाखांतील वादळांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसलेल्या वऱ्हाड-नागपुराकडे ही माहिती कामाची आहे.

सभा चालू असतांना एका माणसानें घड्याळाकडे पाहून टिपणें करीत जावें: कोणत्या मिनिटाला कोणता मुद्दा आला, कोठें प्रश्न विचारला गेला, कोठें वक्त्यानें स्वतःची दुरुस्ती केली. दोन तासांचें मुद्रण पुन्हां आरंभापासून पाहण्याचे श्रम त्यानें वाचतात. त्याहून मोठा लाभ असा, कीं टिपण करणारा माणूस भाषणाचा ओघ ऐकत असतो. मागाहून नुसते ‘झणझणीत’ क्षण शोधणाऱ्यास तो ओघ दिसत नाहीं.

प्रत्यक्ष कापतांना आणखी एक गोष्ट अनुभवास येते: काप हव्या त्या ठिकाणीं न पडतां थोडा आधीं पडतो. याचें कारण चित्र सांठविण्याच्या पद्धतींत आहे. जागा वांचविण्यासाठीं यंत्र प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाहीं. थेट प्रक्षेपणांत साधारणतः दर दोन सेकंदांनीं एक चित्र पूर्ण लिहिलें जातें आणि मधल्या चित्रांचे केवळ बदल नोंदले जातात. घाईनें, चित्र पुन्हां न घडवितां कापलें तर काप पूर्ण चित्रापाशींच बसूं शकतो. नेमक्या शब्दावर कापावयाचें तर तो भाग पुन्हां घडवावा लागतो. त्यास वेळ लागतो, पण वाक्य अर्धवट तुटत नाहीं.

सभेचें चित्र आडवें असतें, मोबाईल उभा धरला जातो. १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच अशा चित्रांतून पूर्ण उंचीची उभी चौकट काढली, तर रुंदी सुमारें ६०८ ठिपकेच उरते. म्हणजे चित्राचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग बाहेर जातो. बाहेर जाणाऱ्या भागांत प्रश्न विचारणारा श्रोता असूं शकतो, पडद्यावरील आंकडे असूं शकतात, किंवा वक्त्याच्या बोलण्यावर हंसणारा अध्यक्षहि असूं शकतो. विनोद हा विनोद म्हणून कळावयास पुष्कळदां तें हंसणेंच आवश्यक असतें.

बरेचसे लोक आवाज बंद ठेवून तुकडे पाहतात. म्हणून खालीं अक्षरें द्यावीं लागतात. यंत्रानें उतरविलेला मराठी मजकूर जसाच्या तसा छापूं नये. विशेषनामें, तत्सम शब्द आणि बोलीचीं रूपें येथें यंत्र वारंवार चुकतें. वैदर्भीय वक्ता ‘तो येऊन राहिला’ असें म्हणाला, तर त्याचें ‘तो येत आहे’ करणें ही शुद्धि नव्हे. तो बोलणाऱ्याच्या मुखांतील शब्द बदलणें होय.

आतां मुख्य प्रश्न. तुकडा कोठें सुरू करावा आणि कोठें संपवावा? याचें उत्तर आपल्या शास्त्रकारांनीं फार पूर्वी देऊन ठेवलें आहे. शास्त्रीय ग्रंथांत आधीं प्रतिपक्षाचें मत मांडतात, तो पूर्वपक्ष. मग त्याचें खंडन करतात, तो उत्तरपक्ष. पूर्वपक्ष तेवढा उचलून तो ग्रंथकाराच्या नांवावर घातला तर ग्रंथच उलटा होतो. नागपूरच्याच इतिहासांतील उदाहरण घ्यावें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आज दीक्षाभूमि म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणीं धम्मदीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवशीं या कार्याची मीमांसा करणारें दीर्घ भाषण केलें. दीक्षेसाठीं नागपूरच कां निवडलें, या प्रश्नाचा त्यांनीं परामर्श घेतला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ येथें आहे म्हणून हें शहर निवडलें असें कांहीं लोक म्हणतात, हें त्यांनीं आधीं सांगितलें. तें खरें नसल्याचें लगेच स्पष्ट केलें. आणि बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांशीं या भूमीचा असलेला संबंध हें खरें कारण म्हणून मांडलें. यांतील पहिलें वाक्य तेवढें कापून घेतलें असतें तर वक्त्यानें जें नाकारलें तेंच त्याचें मत ठरलें असतें. तें भाषण ‘प्रबुद्ध भारता’च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या अंकांत छापलें गेलें, म्हणून आज तें सलग वाचतां येतें.

अलीकडचा एक प्रसंगहि याच जातीचा आहे. १ मार्च २०२४ रोजीं नागपूरचे खासदार व केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीं काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे आणि जयराम रमेश यांस वकिलामार्फत नोटीस पाठविली. गडकरींनीं ‘द लल्लनटॉप’ला दिलेल्या दीर्घ मुलाखतींतील १९ सेकंदांचा तुकडा काँग्रेस पक्षाच्या खात्यावरून प्रसृत झाला होता, मागचापुढचा संदर्भ गाळून आपल्या म्हणण्याचा अर्थ पालटला, अशी गडकरींची तक्रार होती. राजकीय वादांत कोणाची बाजू घ्यावी हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण निवाडा करावयाचा तर मुलाखत समग्रच पाहावी लागते. १९ सेकंदांवरून तो कोणत्याच बाजूनें करतां येत नाहीं.

न्यायालयांसहि हा पेंच सुटलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें थेट प्रक्षेपणाचें तत्त्व मान्य केलें आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचें कामकाज जनतेस दिसूं लागलें. सप्टेंबर २०२४ मध्यें कर्नाटक उच्च न्यायालयांतील सुनावणीचे तुकडे देशभर पसरले, तेव्हां त्या न्यायालयानें ते दाखविण्यास कित्येक वाहिन्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानें मात्र त्याच प्रकरणांत सांगितलें, कीं यावर उपाय म्हणून प्रक्षेपण बंद पाडणें योग्य नव्हे. प्रकाशावर उतारा अधिक प्रकाशाचाच.

तोच न्याय व्याख्यानांस लागूं करावयास हरकत नाहीं. तुकडे काढूं नयेत असें कोणी म्हणणार नाहीं. १९२३ मध्यें स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थांच्या या नगरांत एका मिनिटाच्या तुकड्यानें चार नवे श्रोते पूर्ण व्याख्यानाकडे वळले तर तो लाभच आहे. मात्र प्रश्न असेल तर उत्तरासह घ्यावा. ‘परंतु’ या शब्दाच्या अलीकडे तुकडा संपवूं नये. दूरचीं दोन वाक्यें शेजारीं बसविलीं असतील तर तो सांधा झांकूं नये. तारीख, स्थळ आणि संपूर्ण मुद्रणाचा पत्ता तुकड्याखालीं द्यावा. आणि शक्य तेथें प्रसिद्धीपूर्वी वक्त्यास दाखवावा. पाहणाऱ्यांचीहि एक जबाबदारी आहे. ज्या तुकड्यानें आपल्याला अतिशय संताप आला किंवा अतिशय आनंद झाला, तो पुढें पाठविण्यापूर्वी त्याच्या आधींचीं आणि नंतरचीं पांच मिनिटें पाहावीं. तेवढ्यानें वक्त्याला न्याय मिळतो आणि पाहणाऱ्यालाहि स्वतःचें मत बनवितां येतें.