नवा संगणक ‘हँग’ होतो तेव्हा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातील संगणकबाजारात फिरून प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्यातून आणि ग्राफिक्स कार्ड तिसऱ्यातून घ्यायचे व घरी आणून स्वतःच्या हाताने जोडायचे, ही हौस आजही टिकून आहे. पैसे वाचतात, हवे तेच भाग मिळतात. मात्र अशा संगणकाची जबाबदारी घेणारा कोणी एक विक्रेता नसतो. चौथ्या दिवशी पडदा थिजला आणि माउसचा बाण जागीच अडकला, की रॅम विकणारा मदरबोर्डकडे बोट दाखवतो, मदरबोर्ड विकणारा एसएमपीएसकडे आणि सगळे मिळून विंडोजकडे. अनेक दुकानदार सदोष भाग सुरुवातीच्या काही दिवसांतच थेट बदलून देतात. त्यानंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे, हे लवकर आणि पुराव्यानिशी शोधणे ग्राहकाच्याच हिताचे ठरते.

‘हँग झाला’ या दोन शब्दांत निरनिराळे आजार दडलेले असतात. संगणक थिजल्यावर कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. दिवा लागत-विझत असेल, तर यंत्रणा आतून जिवंत आहे. अडचण बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरची किंवा एखाद्या प्रोग्रॅमची असते. माउस हलतो पण काहीच उघडत नाही, अशा वेळी संशय एसएसडीवर किंवा तिच्या केबलवर घ्यावा. दिवा निपचित, आणि स्पीकरमधून एकच सूर घरघरत राहिलेला, ही मात्र हार्डवेअर बिघडल्याची खूण असण्याचा संभव मोठा. आपोआप रीस्टार्ट होणे हा आणखी वेगळा प्रकार. त्यात वीजपुरवठ्याकडे आधी पाहावे. डीडीआर-५ रॅम असलेला संगणक पहिल्यांदा सुरू करताना काही मिनिटे पडदा काळाच राहतो. मदरबोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. तो हँग झाला असे समजून वीज बंद करणारे उतावळे पुष्कळ आहेत.

नव्याने जोडलेल्या संगणकात पहिला संशयित रॅम हाच असतो. पट्टी खाचेत पूर्ण बसली नसली तरी संगणक सुरू होतो, तासभर चालतो आणि मग दगा देतो. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्या असतील, तर बहुतेक उत्पादक प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरण्यास सांगतात. शेजारी-शेजारी लावल्या की गडबड होऊ शकते. दुसरी मेख वेगाची. खोक्यावर ‘३६००’ किंवा ‘६०००’ असा ठसठशीत आकडा असतो. पण तो वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय निवडल्यावरच मिळतो, आणि इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्या त्याची गणना ओव्हरक्लॉकिंगमध्येच करतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा रॅमपुरता खरा. प्रोसेसर आणि मदरबोर्डने तो पेलावाच, अशी हमी त्यात नाही. हा पर्याय बंद करताच हँग होणे थांबले, तर निदान जवळजवळ झालेच.

तसे झाले नाही, तर ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवावा. निकाल शून्य चुकांचाच हवा. ‘एखाद-दुसरी चूक चालायचीच’ हे येथे लागू नाही. चूक आढळल्यास एकेक पट्टी स्वतंत्रपणे, एकाच खाचेत लावून तपासावी. दोन्ही पट्ट्या त्याच खाचेत नापास होत असतील आणि दुसऱ्या खाचेत पास, तर दोष मदरबोर्डचा.

ही तपासणी आधी करण्याचे कारण केवळ सोय नव्हे. सदोष रॅममधून गेलेली माहिती गुपचूप बिघडून डिस्कवर लिहिली जाते. लग्नाचे फोटो असोत की परीक्षेचा प्रकल्प, फाइल उघडेपर्यंत काही कळत नाही. निदान होईपर्यंत जुन्या संगणकातील माहिती पुसू नये, आणि रॅम बदलल्यावर विंडोज नव्याने टाकावी. कारण आधीची प्रत त्याच आजारी रॅममधून उतरलेली असते.

उष्णतेला मात्र उगीचच जास्त दोष दिला जातो. आजचे प्रोसेसर तापले की आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि फारच तापले तर बंद पडतात. तरीही कूलरच्या तळाचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहिला नाही ना, हे एकदा पाहावे. तो विसरणाऱ्यांत अनुभवी माणसेही असतात.

वीजपुरवठ्याचे दुखणे पकडणे अवघड. बारा व्होल्टच्या वाहिनीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट एवढाच चढउतार मान्य आहे. पण क्षणभराची घसरण साध्या मल्टिमीटरला दिसत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस तासाभरासाठी लावून पाहणे, हाच सोपा उपाय. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावून काम भागवणे संगणकालाही मानवत नाही आणि माणसालाही.

प्रोसेसर सहसा निर्दोष असतो, असे जुने जाणकार सांगत. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांनी तो विश्वास डळमळीत केला. गेम खेळताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येई आणि लोक ग्राफिक्स कार्डच बदलत बसत. दोष होता प्रोसेसरला मिळणाऱ्या वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोडची दुरुस्ती दिली, सप्टेंबरमध्ये आणखी एक, आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. या दुरुस्तीने पुढचे नुकसान टळते. झालेले भरून निघत नाही. एएमडीच्या काही रायझन संगणकांत एफटीपीएम या सुरक्षासुविधेमुळे क्षणभर अडखळण्याचा दोष होता. कंपनीने तो २०२२ मध्ये मान्य केला आणि तोही बायोसच्या नव्या आवृत्तीने सुटला. दुकानात महिनोन्महिने पडून असलेल्या मदरबोर्डमध्ये जुनेच बायोस असते, म्हणून ते अद्ययावत करणे हे सुरुवातीचेच काम समजावे.

विंडोज दोषी की यंत्र, हा वाद लिनक्सने मिटतो. उबुंटू पेनड्राइव्हवरून, काहीही न टाकता, चालवता येते. तेथेही संगणक थिजला तर विंडोज सुटली. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण एसएमपीएस बदलायला धावतात. संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. ‘व्हिया-लॉगर’ची नोंद अधिक बोलकी, ती खुद्द हार्डवेअरने केलेली तक्रार असते.

दुकानात जाताना बिल, भागाचा अनुक्रमांक, मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाइलवर काढलेला फोटो आणि कोणती पट्टी कोणत्या खाचेत तपासली याची चिठ्ठी सोबत असावी.