चालत्या इंजिनाचे जतन : टॅलिलिन रेल्वेचे स्वयंसेवक

जुनी मूर्ती, जुने नाणे किंवा जुने हस्तलिखित जतन करावयाचे, तर ते ओल, धूळ आणि माणसाचा हात यांपासून शक्य तितके दूर ठेवावे लागते. वाफेच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. रंगरंगोटी करून ते चौथऱ्यावर उभे केले, तर त्याचा आकार तेवढा उरतो; विस्तव, पाणी आणि लोखंड यांचा मेळ घालण्याची विद्या मात्र जाणत्या माणसांबरोबर नाहीशी होते. उलट ते चालते ठेवावे, तर दर फेरीला झिजते. या पेचातून वाट काढण्याचे काम वेल्समधील एका लहानशा रेल्वेवर १९५१ सालापासून स्वयंसेवक करीत आले आहेत.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाविन गावातून डोंगरातील खाणीकडे जाणारा टॅलिलिन लोहमार्ग १८६५ साली संमत झालेल्या कायद्यान्वये सुरू झाला. त्याची लांबी सुमारे १२ किलोमीटर. घरांच्या छपरांसाठी लागणारा पाटीचा दगड वाहून आणणे हे त्याचे मुख्य काम. रुळांमधील अंतर अवघे ६८६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरान मार्गापेक्षा जेमतेम तीन इंच अधिक. मार्गासाठी 'टॅलिलिन' (१८६४) आणि 'डोल्गॉख' (१८६६) ही दोन इंजिने घेण्यात आली. पहिले इंजिन मुळात चार चाकांचे होते. ते धावताना इतके उसळ्या मारी, की थोड्याच काळात त्याला मागे आणखी एक आस जोडावा लागला.

१९११ पासून खाण आणि रेल्वे यांची मालकी सर हेन्री हेडन जोन्स यांच्याकडे होती. १९४६ साली खाण बंद पडली. पण आपण हयात असेतो गाडी चालू राहील, असा शब्द त्यांनी दिला होता व तो पाळला. ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ही चिमुकली रेल्वे त्यातून सुटली, हेही एका परीने तिचे भाग्यच! जुलै १९५० मध्ये सर हेडन निवर्तले, तेव्हा रूळ गवतात बुडालेले होते आणि 'डोल्गॉख' हे एकच इंजिन चालण्याजोगे उरले होते.

लेखक व अभियंता टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने ११ ऑक्टोबर १९५० रोजी बर्मिंगहॅम येथे सभा भरली आणि रेल्वे वाचविण्यासाठी संस्था उभी राहिली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालविलेली पहिली गाडी टाविनहून निघाली. स्वयंसेवकांनी प्रवासी रेल्वे चालवावी, हे जगात प्रथमच घडत होते. एकट्या 'डोल्गॉख'वर भार टाकणे धोक्याचे असल्याने बंद पडलेल्या शेजारच्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेण्यात आली. त्यांपैकी एकाची चाके अरुंद होती, आणि टॅलिलिनचे रूळ ठिकठिकाणी फाकलेले. त्यामुळे ते रुळांच्या मधोमध खाली उतरू लागले! दुसरे लीड्सच्या हन्स्लेट कारखान्याने विनामूल्य दुरुस्त करून दिले. इंजिनाइतकीच मार्गाचीही डागडुजी करावी लागते, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

बॉयलरची निगा

या इंजिनाचा प्राण म्हणजे बॉयलर. भट्टीतील तप्त वायू पाण्यात बुडालेल्या अनेक नळ्यांतून धुरांड्याकडे जातात, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ दट्ट्या ढकलते. तत्त्व सोपे आहे. निगा अवघड आहे. थंड इंजिन पेटवताना घाई चालत नाही. भट्टी, नळ्या आणि बाहेरचे कवच एकाच वेगाने तापत नाहीत. एकदम जाळ केला तर सांधे ताणले जाऊन गळू लागतात. म्हणून पहिली गाडी सकाळी सुटावयाची असली, तरी विस्तव कित्येक तास आधी घालावा लागतो.

पाण्यातील क्षार आत साचून त्यांचा थर बसतो. थराखालचे पोलाद अधिक तापते व दुबळे होते. यास्तव ठरावीक काळाने बॉयलर थंड करून, बुचे काढून, जोरदार पाण्याने आतून धुवावा लागतो. राखही तितकीच घातक. ती ओल धरते आणि त्यातून तयार होणारे आम्ल धातू खाते. म्हणून बंद ठेवलेले इंजिन चालत्या इंजिनाहून लवकर खराब होऊ शकते. सर्वांत मोठा धोका पाण्याची पातळी खाली जाण्याचा. भट्टीचे छत उघडे पडले, तर ते काही क्षणांत मऊ होऊन फाटते, आणि फाटलेला बॉयलर म्हणजे स्फोटच. त्यावर उपाय म्हणून छतात शिशाने भरलेले बूच बसवतात. शिसे वितळले की वाफ भट्टीत शिरते व चालकाला इशारा मिळतो. हौस म्हणून आलेल्या माणसाच्या हाती हे यंत्र थेट देता येत नाही, ते यामुळेच. नवा स्वयंसेवक प्रथम इंजिन पुसतो, मग फायरमन होतो आणि काही वर्षांच्या अनुभवानंतर चालक.

वार्षिक तपासणीखेरीज ब्रिटनमध्ये साधारणतः दर दहा वर्षांनी बॉयलर चौकटीवरून उतरवून नळ्या काढतात आणि त्याची कसून परीक्षा करतात. खर्च व काळ यांच्या दृष्टीने हाच सर्वांत जड भाग असतो. 'टॅलिलिन' १९५८ साली पुन्हा धावू लागले, ते जवळजवळ नव्याने बांधले गेल्यावरच. 'डोल्गॉख'ची पुनर्बांधणी तर १९६३ पर्यंत चालली. मग मूळचे इंजिन उरले किती, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, पण गाडी चालू असतानाही रेल्वेच्या कारखान्यांत बॉयलर आणि चाके बदलली जातच होती. दुरुस्ती हा इंजिनाच्या इतिहासाचाच भाग मानणे अधिक योग्य होय.

टॅलिलिनचे उदाहरण दूरवर पोहोचले. मुलांसाठी थॉमस या इंजिनाच्या कथा लिहिणारे धर्मोपदेशक ऑड्री येथे स्वयंसेवक होते. त्यांच्या कथांतील एक रेल्वे या मार्गावरूनच बेतलेली आहे. १९६८ साली ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरील वाफेची वाहतूक थांबवली, तेव्हा इंजिने सांभाळण्यास तयार असलेले गट ठिकठिकाणी होते. दक्षिण वेल्समधील बॅरी येथील भंगारखान्यात समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजत पडलेली तब्बल २१३ इंजिने अशा गटांनी सोडवून नेली. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्समधील पाटीच्या दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात टॅलिलिन रेल्वेचाही समावेश आहे.

आज चिंता आहे ती कोळशाची. अशा रेल्वेंना कोळसा पुरविणारी दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिलजवळची खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. त्यामुळे आयात कोळसा आणि कोळशाची भुकटी व इतर द्रव्ये दाबून केलेल्या विटा यांवर त्यांना अवलंबून राहावे लागत आहे. नव्या इंधनाचा जाळ, राख आणि वाफ धरण्याची वेळ जुन्या कोळशासारखी नसते. दीडशे वर्षांहून अधिक वयाच्या इंजिनाच्या भट्टीत ते कसे पेटवावे आणि किती जाड थर ठेवावा, हे फायरमनना फावडे हाती घेऊन पुन्हा शिकावे लागत आहे.