काट्यावर तेवढंच, अंगात मात्र कमी

एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथे जरा नीट करून लिहितोय, कारण आकडे नुसते ऐकून लक्षात राहत नाहीत. विषय असा: कॅन्सरमध्ये वजन उतरतं तेव्हा अंगातलं नेमकं काय उतरतं, आणि पुरुषात अन् बाईत ते वेगळं का असतं.

आपल्या यवतमाळात हे कापसावरून लगेच समजेल. गाडी जिनिंगच्या काट्यावर लागते, वजन येतं, पण भावासाठी ओलावाही मोजतात. सीसीआय ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देते आणि १२ टक्क्यांच्या वर मालच घेत नाही. कारण काटा फक्त किलो सांगतो, त्यात पाणी किती ते सांगत नाही. माणसाच्या किलोतही स्नायू, चरबी, हाडं, पाणी सगळं एकत्र असतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के! म्हणजे काट्याच्या हिशेबात दोघं एकच, आतून मात्र वेगळे. तो अभ्यास कॅन्सरचा नव्हता, पण मुद्दा तोच आहे.

आता कॅन्सरकडे येऊ. उपाशी माणसाचं शरीर आधी चरबी जाळतं आणि स्नायू जमेल तितके राखून ठेवतं. कॅन्सरमध्ये शरीरात सतत दाह चालू असतो, भूक मरते, आणि स्नायू तुटायचा वेग बनायच्या वेगापेक्षा जास्त होतो. याला कॅकेक्सिया म्हणतात. म्हणून 'चांगलंचुंगलं खाऊ घाला, भरून येईल' हे अर्धंच खरं. खाणं लागतंच, पण नुसत्या खाण्याने तो पूर्ण उलटत नाही.

पुरुषाच्या वजनात स्नायू साधारण ३८ टक्के असतात, बाईच्या ३१ टक्के. बऱ्याच अभ्यासांत असं दिसलंय की पुरुषांचं वजन जास्त उतरतं आणि त्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. बायकांमध्ये चरबी जास्त जाते, स्नायू तुलनेने टिकतात. एक कारण टेस्टोस्टेरॉन: आजारात ते घसरतं, आणि पुरुषाचे स्नायू त्याच्यावरच उभे असतात. दुसरं असं मांडतात की बायकांच्या स्नायूंत हळू काम करणारे तंतू जास्त असतात आणि हा आजार आधी जलद तंतूंना खातो. आपल्याकडे खर्र्यामुळे तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस बघा. गिळता येत नाही, वर हे सगळं. चार महिन्यांत शर्ट खांद्यावरून लोंबायला लागतो. सगळ्यांना दिसतं.

बाईचं दिसत नाही, आणि मला खरी काळजी तिथे वाटते.

२०११ मध्ये तज्ज्ञांनी कॅकेक्सियाची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं तर कॅकेक्सिया. पण बीएमआय २० च्या खाली असेल, किंवा स्नायू आधीच कमी असतील, तर २ टक्केच पुरे. आता हिशेब करा. ६८ किलोच्या, धडधाकट बीएमआयच्या पुरुषाला ही रेषा ओलांडायला ३ किलो ४०० ग्रॅमच्या वर जावे लागतात. ४२ किलोची, दीड मीटर उंचीची बाई घ्या, बीएमआय १८.७. तिला ८४० ग्रॅम गेले की झालं! एक किलोसुद्धा नाही. घरात कोणाच्या लक्षात येईल? 'ती तर पहिल्यापासूनच बारीक आहे' असं म्हणून विषय संपतो. अशा बायका काही मोजक्या नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के बायकांचा बीएमआय १८.५ च्याही खाली होता.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर उलटंच होतं. केमो चालू असताना बऱ्याच जणींचं वजन वाढतं. नातेवाईक खूश. पण चरबी वाढून स्नायू घटलेले असू शकतात. पायाला सूज किंवा पोटात पाणी असेल तरी काटा फसवतो. ओल्या कापसासारखंच.

याचा औषधाशी थेट संबंध आहे. केमोचा डोस बऱ्याचदा उंची आणि वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. त्याचं प्रसिद्ध सूत्र १९१६ चं, अवघ्या ९ माणसांच्या मोजमापावर बसवलेलं. (आमच्या धंद्यात एवढ्या डेटावर कोड रिव्ह्यू पास होणार नाही, पण ते शंभर वर्षं चाललंय.) त्या सूत्राला स्नायू दिसत नाहीत. कॅनडात स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ५५ बायकांचा अभ्यास झाला, सगळ्यांना कॅपेसिटाबीन चालू होतं. ज्यांचे स्नायू कमी होते त्यांच्यात निम्म्या जणींना औषधाचा त्रास बाधण्याइतका झाला, बाकीच्यांत २० टक्क्यांना. अभ्यास लहान आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

स्नायू मोजायला वेगळी तपासणीही लागत नाही. कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरचा सीटी स्कॅनचा एक काप पुरतो. पेशंटचा पोटाचा स्कॅन अनेकदा झालेलाच असतो. त्यातले स्नायू कोणी मोजत नाही, एवढंच.

घरी काय करता येईल? आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी, तशाच कपड्यांत वजन घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. टक्के काढा, किलो नाही. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला लावा, पेशंटला जमत असेल तरच, आणि कोणीतरी जवळ उभं राहून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद कमी झाल्याची ती खूण आहे. सूज आहे का तेही लिहा. नागपूर असो की सेवाग्राम, ओपीडीत डॉक्टरांसमोर ती वही ठेवा आणि आहारतज्ज्ञांची भेट मागा.

प्रथिनं दिवसाला किलोमागे किमान १ ग्रॅम, शक्य झालं तर दीड. ४२ किलोच्या बाईला ४२ ते ६३ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात. पातळ वरणात डाळ कमी अन् पाणी जास्त, म्हणून तिच्या वाटीत वरण घट्ट वाढा, आणि सगळ्यांचं जेवण झाल्यावर नाही, आधी वाढा.