जुन्या सायकलीची पुनर्बांधणी : झिजेचा विचार

सायकल जुनी झाली म्हणून ती टाकून द्यावी, असे मानण्यात एक गृहीत दडलेले असते. ते म्हणजे तिचे सर्व भाग एकाच वेगाने जीर्ण होतात. वस्तुस्थिती तशी नाही. पोलादी सांगाडा दीर्घायुषी असतो. छर्रे, साखळी, ब्रेकचे रबर व टायर अल्पायुषी असतात. म्हणून नवी घ्यावी की जुनी दुरुस्त करावी, हा निर्णय सायकलीच्या वयावरून नव्हे, तर कोणता भाग झिजला आहे ह्यावरून करणे युक्त होय.

ह्या दृष्टीने सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. लोखंड गंजण्यास हवेतील ओलावा लागतो आणि क्षारांमुळे गंजण्याचा वेग वाढतो. साहजिकच कोकणकिनाऱ्याच्या मानाने येथे सांगाडा अधिक काळ शाबूत राहतो. उलटपक्षी, कोरड्या रस्त्यावरील धूळ वंगणात मिसळली, की छर्रे व साखळी घासली जातात. सांगाडा धड, पण फिरणारे भाग निकामी, अशी ही अवस्था पुनर्बांधणीस सर्वांत अनुकूल असते.

कारागीर जिला ‘ओव्हरऑइल’ म्हणतात, त्या क्रियेत सर्व सांधे उकलून छर्रे बदलतात व नवे वंगण भरतात. त्यानंतर तारा कमीअधिक ताणून चाकाचा ‘आऊट’ काढतात. साखळीची परीक्षा मोजपट्टीने होते : २४ कड्यांची लांबी १२ इंच असावी, ती १/८ इंचाने वाढली असल्यास साखळी बदलणे इष्ट, अन्यथा दातेही झिजतात. २८ इंची काळ्या सायकलीत सामान्यतः मागील चाकास ४० व पुढील चाकास ३२ तारा असतात. मापे अशी रूढ असल्यामुळे एका कंपनीचे बरेच भाग दुसरीच्या सायकलीस चालतात. अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना २०२० मध्ये बंद पडला. परंतु त्यामुळे तिच्या सायकली निरुपयोगी ठरल्या नाहीत.

मात्र ह्या विचारास मर्यादा आहे. सांध्याजवळ किंवा पुढच्या चिमट्यास तडा गेला असेल, तर नव्या रंगाने तो केवळ झाकला जातो. चालत्या सायकलीचा चिमटा तुटल्यास स्वाराच्या जिवावर बेतते. म्हणून रंग खरडून सांधे तपासणे ही पहिली पायरी होय. तेथे दोष आढळल्यास नवी सायकल घेणेच श्रेयस्कर.

दुरुस्तीचे मोल केवळ वाचलेल्या पैशात नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली. माप, जुळणी व झीज ह्यांचे ज्ञान यंत्र उकलल्याने येते. हे ज्ञान असलेला कारागीर गावात आहे, तोवरच जुनी की नवी हा प्रश्न खऱ्या अर्थाने निवडीचा राहतो. तो गेला, की चांगला सांगाडाही भंगारात जातो.